हरल्यावर कारण कळतं का? स्ट्रॅटेजी आणि कार्ड गेम्स निवडताना

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न ‘यातला कोणता घेऊ?’ असे आहेत. उत्तरं देताना मी एक कसोटी लावली आहे, ती आधीच सांगतो. हरल्यावर तुम्हाला ‘मी इथे चुकलो’ असं बोट ठेवून दाखवता येत असेल, तर तो गेम तुमच्यासाठी चांगला. कारणच सापडत नसेल, तर तो कितीही गाजलेला असला तरी आठवड्याभरात बंद पडणार. ग्राफिक्स, पुरस्कार, लोकांचे शेरे या गोष्टी मी त्यानंतर बघतो.

प्रश्न : मी बरीच वर्षं बुद्धिबळ खेळतो, पण व्हिडिओ गेम कधीच खेळलो नाही. नशिबावर चालणारं काही मला आवडत नाही. कार्ड गेमपासून सुरुवात करू की पटावरच्या लढाईपासून?

पटावरच्या लढाईपासून, आणि नेमकं नाव सांगायचं तर ‘इन्टू द ब्रीच’. सबसेट गेम्सने तो 2018 मध्ये आणला. पट आठ बाय आठचाच आहे, त्यामुळे नजरेला परका वाटणार नाही. तुमच्याकडे तीन यंत्रं असतात, समोर जमिनीतून निघणारे राक्षसी किडे. प्रत्येक किडा पुढच्या वेळी कुठे मारणार आणि किती नुकसान करणार, हे तुमच्या चालीआधीच पटावर दिसतं. नेम लागेल की चुकेल हा प्रश्नच नाही, तुमचा वार लागतोच.

तुमचं काम शहरातल्या इमारती वाचवण्याचं, त्यामुळे खरी गंमत मारण्यात नाही. किड्याला एक घर ढकललंत की त्याचा वार इमारतीऐवजी दुसऱ्या किड्यावर पडतो. कधी कधी सगळे किडे जिवंत ठेवूनही शहर वाचवता येतं आणि तीच उत्तम चाल असते. बुद्धिबळ खेळणाऱ्याला हा विचार लगेच कळतो, कारण मोहरे मारण्यापेक्षा जागा धरणं महत्त्वाचं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. प्रत्येक लढाईत एकदा अख्खी पाळी मागे घेता येते, पण ती सवलत पहिल्याच पाळीत वापरून टाकू नका.

तुम्हाला फोनवरच खेळायचं असेल तर ‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ बघा. राज्य उभारायचा खेळ, पण आटोपशीर. त्यातल्या ‘परफेक्शन’ प्रकारात तीस पाळ्यांत डाव संपतो. कार्ड गेम्सकडे नंतर या. तिथे पत्ते पिसले जातात, म्हणजे नशीब येणारच, पण ते कसं पेलायचं हे पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : ‘स्ले द स्पायर’ या कार्ड गेममध्ये पहिला टप्पा मी सहज पार करते, पण दुसऱ्यात हमखास मरते. मिळेल ते चांगलं कार्ड मी घेतेच. तरी डेक, म्हणजे माझ्या कार्डांचा गठ्ठा, कमकुवत का पडतो?

‘मिळेल ते चांगलं कार्ड घेतेच’, कारण इथेच आहे.

आयर्नक्लॅड या पात्राचा सुरुवातीचा डेक दहा कार्डांचा असतो : पाच स्ट्राइक (वार), चार डिफेंड (बचाव) आणि एक बॅश (जोरदार वार). प्रत्येक पाळीत पाच कार्डं हातात येतात, म्हणजे दर दोन पाळ्यांत अख्खा डेक एकदा डोळ्यांखालून जातो. आता तुम्ही वीस चांगली कार्डं भरलीत आणि डेक तीसचा झाला. यातलं तुमचं सगळ्यात जबरदस्त कार्ड आता सहा पाळ्यांत एकदाच येणार, आणि बऱ्याच लढायांचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. कार्ड वाईट नाही, ते वेळेवर पोचत नाही. म्हणून लढाईनंतर समोर येणाऱ्या तीन कार्डांपैकी एकही न घेणं हीसुद्धा चाल आहे, आणि चांगले खेळाडू ती वरचेवर खेळतात. दुकानात सोनं देऊन कार्ड काढूनही टाकता येतं. पहिल्या खेपेला त्याला 75 सोनं पडतं आणि पुढे दर खेपेला 25 ने वाढतं. नव्या खेळाडूला हे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात. मला विचाराल तर सुरुवातीचा एक स्ट्राइक काढणं हा दुकानातला सगळ्यात कमी लेखला गेलेला सौदा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा वेगवेगळी परीक्षा घेतात. पहिल्या टप्प्यात ग्रेमलिन नॉब हा शत्रू भेटतो. तुम्ही स्किल प्रकारचं कार्ड खेळलंत की त्याची ताकद वाढते, म्हणजे बचाव करत बसलात तर तोच भारी पडतो. तिथे झटपट मारणारी कार्डं हवीत. ती गोळा करून तुम्ही पुढे जाता आणि दुसऱ्या टप्प्यात एकाच वेळी तीन-तीन शत्रू अंगावर येतात. एकेकाला मारणारा डेक इथे तोकडा पडतो. सगळ्यांना एकदम लागणारं एखादं कार्ड आणि भक्कम बचाव, या दोन गोष्टी पहिला टप्पा संपायच्या आत डेकमध्ये असायला हव्यात.

कार्ड घेण्यापूर्वी ‘हे चांगलं आहे का?’ असं विचारू नका. ‘माझा डेक आत्ता कशाने मरेल, आणि हे कार्ड त्यावर उपाय आहे का?’ असं विचारा. शत्रूच्या डोक्यावर त्याचा पुढचा बेत लिहिलेला असतो, तो प्रत्येक पाळीत वाचा. मेलात की पुढचा डाव लगेच सुरू न करता शेवटचा डेक एकदा उघडून पाहा. कोणती कार्डं अख्ख्या डावात एकदाही कामाला आली नाहीत, ते मिनिटभरात कळतं.

या जातीचे गेम तुम्हाला आवडतात असं दिसतं, म्हणून पुढचंही सांगतो. ‘मॉन्स्टर ट्रेन’ (2020) मध्ये मजल्या-मजल्यावर सैन्य उभं करायचं असतं, तो जरा जास्त आक्रमक आहे. ‘इनस्क्रिप्शन’ (2021) मध्ये कथा आणि कोडी भरपूर आहेत. त्याबद्दल आधी काहीही वाचू नका, सरळ खेळायला बसा.

प्रश्न : ‘एक्सकॉम’मध्ये 95 टक्के दाखवूनही नेम चुकतो. गेम फसवतो का?

नाही. ‘एक्सकॉम’ या सैनिकांच्या पाळीपाळीच्या लढाईत प्रत्येक गोळीआधी नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. उलट सोप्या पातळ्यांवर तो पडद्यावर दिसतं त्यापेक्षा तुम्हाला गुपचूप जास्त मदत करतो.

95 टक्के म्हणजे वीसांत एक चूक. एका मोहिमेत अशा वीस गोळ्या झाडल्यात, तर त्या सगळ्या लागण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के उरते. म्हणजे एखादी तरी चुकणं हेच जास्त संभवतं. आपलं मन मात्र 95 ला शंभर समजतं. ‘सिव्हिलायझेशन’ या साम्राज्य उभारायच्या गेमचे जनक सिड मायर यांनी 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हेच मांडलं होतं : तीनास एक अशी बाजू वरचढ असताना हार झाली की खेळाडूला तो अन्याय वाटतो, मग गणित काहीही सांगो.

सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडून तीच गोळी पुन्हा झाडण्याचा उपायही चालत नाही. 2012 च्या ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’मध्ये नशिबाचे आकडे डावाबरोबरच सेव्ह होतात, त्यामुळे तीच चाल तोच निकाल देते.

मग करायचं काय? अख्खी पाळी एका नेमावर टांगू नका. हातबॉम्बला नेमाची टक्केवारी नसते, तो लागतोच आणि शत्रूचा आडोसाही उडवतो. आधी बॉम्ब, मग उघड्यावर आलेल्या शत्रूवर गोळ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक सैनिक हातचा राखून. ‘ही गोळी चुकली तर माझं काय होईल?’ याचं उत्तर ‘सगळं संपेल’ असं असेल, तर चूक त्या गोळीआधीच झालेली आहे. हे एकदा दिसायला लागलं की ‘एक्सकॉम’ अन्यायी वाटेनासा होतो. तरीही प्रत्येक हुकलेल्या नेमाने रक्त उसळत असेल, तर तुमच्यासाठीही ‘इन्टू द ब्रीच’च बरा.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा फोनवर एक फुकटचा कार्ड गेम खेळतो आणि सारखे पॅक विकत घ्यायला पैसे मागतो. त्याचे सगळे मित्र खेळतात. बंद करून टाकू का?

गेम बंद करू नका, पैशाची वाट बंद करा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर घरात भांडण कमी होईल.

पॅक म्हणजे आत काय निघेल ते न कळता विकत घ्यायचं कार्डांचं पाकीट. आधी त्याचा हिशोब मुलाबरोबर बसून समजून घ्या. समजा हवं असलेलं कार्ड पॅकमधून निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटतं, शंभर पॅक घेतले की मिळणारच. प्रत्यक्षात शंभर पॅक उघडूनही ते न मिळण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. हे त्याला फासे टाकून करून दाखवा, तोंडी सांगून पटणार नाही. काही गेम्स निदान खालची मर्यादा बांधून देतात. ‘हर्थस्टोन’मध्ये एका संचाच्या चाळीस पॅकच्या आत एक लेजेंडरी (सगळ्यात दुर्मिळ) कार्ड मिळतंच, पण कोणतं ते तुमच्या हातात नसतं. शिवाय त्याच्या स्टँडर्ड प्रकारात 2016 पासून जुने संच ठरावीक काळाने बाद होतात. आज हौसेने विकत घेतलेलं कार्ड काही काळाने त्या प्रकारात चालतच नाही.

पैसे देऊन बंद खोकं उघडण्याच्या या पद्धतीबद्दल काळजी वाटणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही. 2018 मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने काही नामांकित गेम्समधली पैसे देऊन उघडायची लूट बॉक्सेस जुगाराच्या कायद्यात बसतात असा निर्णय दिला. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आणि तो मुलाला माहीत नसलेला असू द्या.

मित्रांबरोबर खेळायचंच असेल तर फुकट खेळूनही मजा येईल असे गेम आहेत. ‘मार्व्हल स्नॅप’मध्ये डेक फक्त बारा कार्डांचा आणि डाव सहा पाळ्यांचा. त्यात बाजू पडती दिसली की वेळेवर माघार घेऊन नुकसान कमी करता येतं, आणि माघार कधी घ्यावी हे बाराव्या वर्षी शिकायला मिळालं तर उत्तमच. ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये दर बारा तासांनी एक पॅक फुकट मिळतो, तेवढ्यावर थांबायचं अशी अट घालता येते. पण हे दोन्ही गेम पैसे खर्च करायला खुणावत राहतात, हे लक्षात असू द्या.

माझं मत विचाराल तर एकदाच पैसे देऊन पूर्ण मिळणारा गेम मुलांसाठी केव्हाही चांगला. ‘बलात्रो’ (2024) पाहून तुम्ही दचकाल, कारण त्यात पोकरचे हात आहेत. युरोपातल्या पेगी या संस्थेने त्याला आधी 18 वर्षांवरचं मानांकन दिलं होतं, ते 2025 मध्ये 12 वर आणलं. ते योग्यच झालं. त्यात खऱ्या पैशांची पैज नाही, खऱ्या पैशांनी पॅकची खरेदी नाही. आहे ती फक्त बेरीज-गुणाकाराची मेजवानी : कोणता जोकर आधी ठेवला की गुण वाढतात, हे मूल आपोआप मांडून बघायला लागतं. पत्त्यांतला जुगार मुलाच्या डोळ्यांसमोर नकोच असं वाटत असेल, तर ‘स्ले द स्पायर’ द्या.

प्रश्न : मी साठी ओलांडली आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ आवडतो, पण बोटं तेवढी चालत नाहीत. काय खेळू?

‘एज ऑफ एम्पायर्स 2’ सोडायची गरज नाही. ऑनलाइन सामने सोडा, संगणकाविरुद्ध खेळा, आणि वेग कमीत कमी ठेवा. वेळेचा ताण पूर्णपणे नकोच असेल तर पाळीपाळीने खेळायचे गेम आहेतच. त्यांच्या मधला मार्ग म्हणजे ‘एफटीएल’ (2012). तुम्ही अवकाशयानाचे कप्तान असता. लढाई सतत चालू असते, पण स्पेसबार दाबला की सगळं थांबतं आणि थांबलेल्या अवस्थेतच माणसं हलवता येतात, शस्त्रं रोखता येतात. घाईचा थरार मिळतो, पण घाई करावी लागत नाही.

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन 6’ मी दरवेळी उत्साहाने सुरू करतो आणि अर्ध्यात सोडतो. मलाच चिकाटी नाही का?

दोष चिकाटीचा नाही, मांडणीचा आहे. स्टँडर्ड वेगाने डाव पाचशे पाळ्यांपर्यंत जाऊ शकतो आणि निकाल बहुधा मध्यावरच उघड झालेला असतो. उरलेलं नुसतं निस्तरणं. पुढच्या वेळी ऑनलाइन हा वेग निवडा. तो एकट्याने खेळतानाही चालतो आणि त्यात 250 पाळ्या असतात. नकाशा लहान घ्या आणि पन्नासाव्या पाळीपर्यंत एकच विजयमार्ग ठरवा : विज्ञान, संस्कृती, धर्म किंवा तलवार. सगळं थोडं थोडं करणाऱ्याचाच डाव रेंगाळतो. जिंकणार हे स्पष्ट झालं आणि कंटाळा आला, तर खुशाल सोडून द्या, तो डाव खेळून झालेलाच आहे.

प्रश्न : लॅपटॉप फार जुना आहे आणि खर्च करायचा नाही. चांगला स्ट्रॅटेजी गेम मिळेल का?

मिळेल, आणि तो कोणाची उरलीसुरली भाकरी म्हणून नव्हे. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ 2003 पासून स्वयंसेवक घडवत आहेत. पूर्ण फुकट, मुक्त स्रोत, जाहिराती नाहीत, आणि जुन्या यंत्रावर चालतो. षटकोनी घरांचा पट, एल्फ, ऑर्क, बुटके, जादूगार.

यात वेळ बघून लढावं लागतं. माणसांचे शिपाई दिवसा पंचवीस टक्के जास्त जोराने मारतात, ऑर्क रात्री. म्हणून अंधार पडताना पुढे घुसणं म्हणजे आत्मघात. संध्याकाळी मागे सरून टेकडीवर किंवा गावात ठाण मांडायचं आणि पहाटे तुटून पडायचं. नेम इथेही चुकतात, तेव्हा ‘एक्सकॉम’च्या उत्तरातलं गणित आठवा.

सुरुवात ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ या छोट्या मोहिमेने करा, मग ‘द साउथ गार्ड’ घ्या. जे शिपाई लढाईतून जिवंत निघतात त्यांना अनुभवासकट पुढच्या लढाईत परत बोलावता येतं. त्यामुळे जखमी भालाईताला शेवटचा वार करायला पुढे ढकलू नका, त्याला मागच्या गावात पाठवून बरा होऊ द्या.