मनातलं विचारा : शिक्षा आणि ऋण प्रबलन

प्रश्न : मी अकरावीला मानसशास्त्र घेतलंय. बाई, 'ऋण प्रबलन' आणि 'शिक्षा' यांत माझा दर वेळी गोंधळ होतो. दोन्ही एकच नाहीत का?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : नाहीत गं. पण गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. ही कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर, खुद्द त्यांनी १९३८च्या पुस्तकात 'ऋण प्रबलन' शिक्षेच्याच अर्थानं वापरलं होतं. आज आपण शिकवतो तो अर्थ त्यांच्या १९५३च्या पुस्तकात आहे.

उदाहरण आलं की आधी एवढंच बघ : ते वर्तन पुढे वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग बघ, काही मिळालं की काही गेलं. मिळालं तर धन, गेलं तर ऋण.

कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्लीस, तर्रीनं तोंड पोळलं. पाण्यानं भागत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दही खाल्लं आणि आग शमली. पुढच्या वेळी तू दही आधीच मागवतेस. नकोशी आग गेली म्हणून दही मागवणं वाढलं, हे ऋण प्रबलन. आणि पोळल्यामुळे जादा तर्री मागणंच सोडलंस, तर ती शिक्षा. सीबीएसच्या सिग्नलला दंड भरून भावाचं सिग्नल तोडणं थांबलं, तर खिशातले पैसे गेले म्हणून ती ऋण शिक्षा.

वर्गात मी हा धडा इथे कधीच थांबवला नाही. आई 'अभ्यासाला बस' म्हणून मागे लागते, पुस्तक उघडलं की बोलणं थांबतं. अशानं पुस्तक उघडायची सवय लागते, वाचायची नाही. त्याहून वाईट म्हणजे, पेपर जवळ आला की पुस्तक उघडताच पोटात गोळा येतो. ते मिटून मोबाईल घेतला की लगेच हलकं वाटतं. इथे प्रबलन मिळालं ते पुस्तक मिटण्याला! उद्या ते आणखी लवकर मिटणार. अशा मुलांना घरोघरी आळशी ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. ती घाबरलेली असतात.

तुझं असं होत असेल तर सगळ्यात सोप्या पानापासून दहाच मिनिटं बस, पण गोळा जरा सैल झाल्याशिवाय उठू नकोस. बरं वाटायला हवं ते पुस्तक उघडं असताना.