दुबईचं गिऱ्हाईक नंतर, आधी वेरावळची नोकरी

ताई, सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाचं बी.कॉम. यंदा संपतंय, डभोईजवळ त्याच्या मित्राचं दोन विघ्यांचं तळं आहे, तिथले रोहू-कटला दुबईला पाठवायचे म्हणून तो पाच लाखांची एफडी मोडायला सांगतोय, आणि यजमानांना वासामुळे माशांच्या धंद्याचं नावही नको आहे.

एफडी मोडू नका. मुलाला मात्र अडवू नका.

दोन विघे म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी. चांगल्या निगराणीत एक हेक्टर तळं वर्षाला साधारण 3 ते 5 टन मासळी देतं, म्हणजे मित्राकडे फार तर दोन-अडीच टन निघेल. चाळीस फुटी रीफर (शीतकरणाच्या) कंटेनरमध्ये 20 टनांहून जास्त गोठवलेला माल मावतो. तो भरायला बाहेरून मासळी घ्यावी लागेल, आणि तिथे गाठ पडते घरच्याच बाजाराशी. आंध्रातल्या तळ्यांचा रोहू ट्रक भरभरून बंगालला जातो, कारण तिथे त्याला रोजचं गिऱ्हाईक आहे. परदेशात रोहूचे बारीक काटे सगळ्यांना चालत नाहीत. त्याला मागणी मुख्यतः आखातातल्या आणि इंग्लंडमधल्या बंगाली, बांगलादेशी वस्तीतून येते, आणि तिथे म्यानमार, बांगलादेशचा मालही असतो. बिनकाट्याच्या तुकड्यांसाठी व्हिएतनामचा पंगास हा मासा आधीच पोचलेला आहे. भारताच्या मासळी निर्यातीत सर्वात मोठा वाटा कोळंबीचा आहे, हेही त्याला सांगा.

आयात-निर्यात कोड 500 रुपयांत घरबसल्या मिळतो, म्हणून मुलांना वाटतं की निम्मं काम झालं. खरं काम पुढेच असतं: एमपीईडीए म्हणजे सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठीच्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रक्रिया कारखाना, निर्यात तपासणी संस्थेचं आरोग्य प्रमाणपत्र. तळ्यात कधी क्लोरॅम्फेनिकॉलसारखं बंदी असलेलं औषध पडलं असेल, तर तपासणीत त्याचा अंश सापडतो आणि अख्खा माल अडकतो.

गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वेरावळ बंदरात मासळीच्या एका कारखान्यात मी अर्धा दिवस उभी होते. पांढरी टोपी, गमबूट, दर थोड्या वेळानं क्लोरीनच्या पाण्यात हात. फ्रीझरमधून निघालेला दगडासारखा मासा एक बाई बर्फगार पाण्यात क्षणभर बुडवून वर काढत होती आणि त्याच्यावर काचेसारखा पातळ थर चढत होता. याला ग्लेझिंग म्हणतात. त्यामुळे उणे 18 अंशांवर महिनोन्‌महिने ठेवलेला मासा वाळत नाही. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते बर्फ उतरवल्यावरच्या वजनाचे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला हे ठाऊक नव्हतं, त्यानं बर्फासकटचं वजन बिलात लावलं आणि पहिल्याच खेपेला त्याचे पैसे कापले गेले. यजमानांना तो कारखाना एकदा दाखवा. वासाबद्दलचं त्यांचं मत तिथेच बदलेल असं मला मनापासून वाटतं.

मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीला बारावी सायन्स लागतं, त्यामुळे वेरावळ किंवा रत्नागिरीच्या कॉलेजचा रस्ता त्याला आता नाही. कॉमर्सच्या मुलाची जागा कागदपत्रांच्या टेबलावर आहे: शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), एल.सी. (खरेदीदाराच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र), विमा, कंटेनरचं बुकिंग. वेरावळ-पोरबंदरकडच्या एखाद्या निर्यातदाराकडे निर्यात-कागदपत्रांचा सहायक म्हणून दोन वर्षं काढू द्या. पगार सुरुवातीला बेताचाच असेल, तरी खरेदीदार कोण, कोण वेळेवर पैसे देतं, माल कुठे अडतो, हे त्याला तिथेच कळेल. मग स्वतःचा कारखाना न टाकता, दुसऱ्याच्या मान्यताप्राप्त कारखान्यातून माल तयार करून घेऊन व्यापारी निर्यातदार म्हणून उभं राहता येतं. पाच लाख तेव्हा लागतील.

मित्राचं तळं तोवर चालूच राहू द्या, मासळी बडोद्याच्याच बाजारात विका. शनिवारी दोघांना माझ्याकडे पाठवा. येताना तळ्याची वही घेऊन यायला सांगा: बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती सोडली, खाद्य किती घातलं, कोणतं औषध कुठल्या तारखेला टाकलं. वही नसेल तर आजपासून घाला म्हणावं.