फोनवरचे संभाषण पुरावा ठरते का?

प्रश्न : घराची अनामत रक्कम परत देण्याचे मालकांनी फोनवर कबूल केले. त्यांना न सांगता मी ते संभाषण रेकॉर्ड केले. ते न्यायालयात चालेल का, की मीच अडचणीत येईन?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : संभाषणात आपण स्वतः सहभागी होता, हे महत्त्वाचे, परक्या दोघांचे बोलणे चोरून टिपणे ही निराळी आणि गंभीर बाब आहे. मुंबईच्या कॉरोनरवरील, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील, लाचेच्या मलकानी प्रकरणात, एका पक्षाच्या संमतीने झालेले ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच ग्राह्य धरले होते.

खरी कसोटी अस्सलपणाची. मूळ फोन स्वतः हजर करून सिद्ध केल्यास इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे प्रमाणपत्र लागत नाही, असे जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात 2020 मध्ये स्पष्ट झाले. प्रत दिल्यास मात्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र हवे, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या आशयावरून संगणकाने काढलेली ठशासारखी सांकेतिक ओळख, नोंदवावे लागते. फाइलचे नाव बदलल्याने हे मूल्य बदलत नाही, पण सुरुवातीचे नुसते ‘हॅलो’ कापले तरी बदलते. म्हणून काटछाट करू नका, फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर ते मुळीच टाकू नका. तिथे मालकांच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहील.