पोच द्यायची कधी?

प्रश्न : कारखान्यातल्या सेन्सरची मापनं रॅबिटएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या ब्रोकरच्या क्यूमध्ये (रांगेत) येतात. तिथून उचलून ती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकणारा अ‍ॅडाप्टर आम्ही पायथनमध्ये, पिका लायब्ररी वापरून लिहिला आहे. तो रीस्टार्ट केला की मधली काही मापनं गायब होतात. लोड वाढला की मेमरी फुगते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. काय चुकत असेल?
– एक वाचक, चाकण

उत्तर : दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात तेव्हा आधी ऑटो-अ‍ॅक (मेसेज मिळाल्याची पोच आपोआप धरण्याची सोय) चालू आहे का ते पाहा. त्यात मेसेज सॉकेटवर लिहिला की ब्रोकर तो पोचला असं धरतो आणि पुसून टाकतो. प्रीफेचची (पोच न दिलेले किती मेसेज एका वेळी पाठवायचे याची) मर्यादाही तिथे लागू होत नाही, म्हणून सगळा साठा तुमच्या मेमरीत येऊन पडतो आणि रीस्टार्टबरोबर जातो.

ऑटो-अ‍ॅक बंद करा. २०० मेसेज जमले किंवा १ सेकंद झाला, जे आधी होईल तेव्हा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जाईल किंवा काहीच नाही, अशा व्यवहारात) सगळे लिहा, कमिट (पक्की नोंद) होऊ द्या आणि मगच ब्रोकरला पोच द्या. शेवटच्या स्वीकारलेल्या मेसेजचा टॅग (ब्रोकरने दिलेला क्रमांक) ‘मल्टिपल’ लावून पाठवला की एका पोचेत अख्खी बॅच मोकळी होते. प्रीफेच ४०० ठेवा. तो बॅचपेक्षा कमी असेल तर बॅच कधीच भरत नाही, प्रत्येक वेळी सेकंद संपायची वाट पाहावी लागते. सेकंदाची अट मात्र काढू नका. मशिन बंद असताना उरलेले थोडे मेसेज पोचेविना पडून राहतात आणि डिफॉल्ट ३० मिनिटांची मुदत उलटली की ब्रोकर चॅनेल (कनेक्शनमधली मेसेजची वाट) बंद करतो.

कमिट झालं आणि पोच जाण्याआधी कनेक्शन तुटलं, तर तेच मेसेज पुन्हा येणार. हे टाळता येत नाही, निरुपद्रवी करता येतं. सेन्सरचा क्रमांक, त्याचा बूट-काउंट (तो कितव्यांदा सुरू झाला तो आकडा) आणि मेसेजचा अनुक्रमांक या तिघांवर युनिक की (टेबलात दुसऱ्यांदा येऊ न देणारी खूण) ठेवा आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (तीच की आधी असेल तर काही करू नको) जोडा. बूट-काउंट नसेल तर सेन्सर रीबूट झाल्यावर अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि खरी मापनं डुप्लिकेट समजून टाकली जातात. अ‍ॅडाप्टरने स्वतः लावलेली वेळ तर की म्हणून अजिबात घेऊ नका; दुसऱ्या खेपेला ती बदललेलीच असते. पुन्हा जोडल्यावर हातातली जुनी बॅच टाकून द्या, कारण टॅग चॅनेलपुरतेच असतात. जुना टॅग नव्या चॅनेलवर पाठवलात तर ब्रोकर तो चॅनेलच बंद करेल.

जेसन मांडणी बिघडलेला मेसेज ट्रान्झॅक्शनच्या आधीच वेगळा काढा आणि रीक्यू न करता (रांगेत परत न टाकता) नाकारा. क्यूला डेड-लेटर एक्सचेंज (नाकारलेले मेसेज वेगळ्या क्यूकडे वळवणारी सोय) जोडलेलं हवं, नाहीतर नाकारलेला मेसेज कायमचा जातो. रीक्यू केलात तर तोच पुन्हा पुन्हा परत येत राहील.

डेटाबेस बंद असेल तेव्हा काहीही नाकारू नका. १, २, ४ असं वाढवत ३० सेकंदांपर्यंत थांबून पुन्हा प्रयत्न करा. प्रीफेच भरला की ब्रोकर आपोआप पाठवायचं थांबतो. हे थांबणं पिकाच्या कनेक्शनच्या स्लीपने करा. पायथनच्या साध्या स्लीपमध्ये हार्टबीट (कनेक्शन जिवंत असल्याचे इशारे) जात नाहीत आणि थांबणं लांबलं की ब्रोकर कनेक्शन तोडतो.

क्यू ड्युरेबल आणि मेसेज पर्सिस्टंट (ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी टिकणारे) आहेत ना, तेही तपासा. मग कमिट आणि पोच यांच्या मध्ये मुद्दाम ‘किल -९’ (प्रोग्रॅम तडकाफडकी बंद करणारी कमांड) मारून पाहा : पुन्हा सुरू केल्यावर टेबलात एकही ओळ कमी किंवा जास्त दिसता कामा नये.