गल्लीत अकरा, पेपरात दोन

पत्र, थोडक्यात: "मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित आणि स्टॅटिस्टिक्स. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीत डेंग्यू आला. पेपरात आमच्या भागातले दोन रुग्ण छापून आले. ही वही घेऊन सव्वीस घरं फिरली आणि म्हणाली, आई, अकरा आहेत. तेव्हापासून एकच धोशा: आजार मोजण्याचं काम करायचं. हे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. डॉक्टर नसलेल्या मुलीला या कामात विचारणार कोण? आणि आजार मोजून कुणाचं भलं होतं?"
– एक आई, रामबाग, इंदूर

ताई,

पेपरातले दोन खोटे नाहीत आणि तुमच्या लेकीचे अकराही खोटे नाहीत. डेंग्यूचा रुग्ण सरकारी नोंदीत चढतो तो एलायझा या रक्ताच्या चाचणीने पक्का झाल्यावर. आपण जातो कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये. रॅपिड कार्डवर रेघ उमटते, डॉक्टर गोळ्या देतात, पपईच्या पानांचा रस आपण आपल्या मनाने पितो आणि आठ-दहा दिवसांनी उठून कामाला लागतो. तो ताप कुठल्याच रजिस्टरमध्ये जात नाही. काही जण तर लॅबचीही पायरी चढत नाहीत. देशभर हेच चालतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००६ ते २०१२ या काळासाठी हिशेब मांडला तेव्हा डॉक्टरांनी निदान केलेले डेंग्यूचे रुग्ण वर्षाला सरासरी ५८ लाखांच्या घरात निघाले, म्हणजे नोंदीतल्या आकड्याच्या २८२ पट. तुमच्या गल्लीत फरक साडेपाच पटच आहे!

या २८२ वर लोक तोंडात बोट घालतात. मला मात्र त्याच्या मुळाशी जावंसं वाटतं. तो मुख्यतः मदुराई या एका जिल्ह्यातल्या पाहणीवर आणि तज्ज्ञांच्या अंदाजांवर उभा आहे. एका जिल्ह्याच्या पायावर देशाचा इमला कितपत तोलतो, असा प्रश्न ज्याला आपोआप पडतो, तो माणूस या क्षेत्राचा.

बरं, नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून हात जोडून बसायचं का? तर नाही, नोंदींची वाट न पाहता माणसांकडे जायचं. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या लोकांना लक्षणं विचारली, छातीचे एक्स-रे काढले, थुंकी तपासली. ज्यांना लक्षणं होती त्यांतले ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठे गेलेच नव्हते. दवाखान्यात बसून मोजलं असतं तर ही माणसं दिसलीच नसती. कोविडच्या वेळी रक्तातली प्रतिपिंडं तपासली, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची खूण. २०२१ च्या जून-जुलैत आपल्या मध्य प्रदेशात ती ७९ टक्के लोकांत सापडली आणि केरळात ४४ टक्क्यांत. रोजच्या रुग्णसंख्येत केरळ तेव्हा आपल्या कितीतरी पुढे होतं. त्यातला निदान एक भाग तिथली नोंद चोख असल्याचा होता.

आता मुख्य हिशेब. डेंग्यूचे अकरा, अतिसाराचे चाळीस, क्षयाचा एक: यांत जड कोण? नुसती डोकी मोजून ते कळत नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालात यासाठी एक माप आलं, त्याला 'डॅली' म्हणतात. ख्रिस्तोफर मरे आणि अॅलन लोपेझ हे त्यामागचे संशोधक. आजाराने अवेळी मृत्यू आला तर जगायची राहिलेली वर्षं धरायची आणि जिवंत असताना आजारपणात गेलेल्या काळालाही त्याच्या तीव्रतेप्रमाणे वजन द्यायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या रोगाचा समाजावरचा भार.

कागद-पेन्सिल घ्या. जोराचा ताप येऊन माणूस पार आडवा झाला तर त्या अवस्थेचं वजन रोगभाराच्या एका जागतिक गणनेत ०.१३३ धरलं आहे. शून्य म्हणजे ठणठणीत, एक म्हणजे मृत्यूइतकं. असा ताप दहा दिवस राहिला तर गेले १.३३ दिवस, म्हणजे एक दिवस आणि आठ तास. दहा वर्षांचं मूल दगावलं तर ढोबळ मानाने सत्तर वर्षं. भागाकार केलात तर एका मुलाचा मृत्यू या तराजूत असे एकोणीस हजार ताप उचलतो.

ही वजनं आणली कुठून? लोकांना विचारून. दोन माणसांचं वर्णन ऐकवायचं आणि यांतला अधिक निरोगी कोण ते सांगा म्हणायचं. २०१० च्या जागतिक गणनेसाठी हे बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू आणि टांझानियात घरोघरी जाऊन आणि अमेरिकेत फोनवर विचारलं होतं. सुरुवातीच्या मापात तर पंचविशीच्या आसपासचं वर्ष भारी आणि म्हातारपणाचं हलकं धरत. माझ्या आईचं शहात्तरावं वर्ष त्यांच्या लेखी स्वस्त होतं. खूप वाद झाले आणि २०१० च्या गणनेत ते काढून टाकलं. सांगायचं हे की या गणितात माणसांचे निर्णय भरलेले असतात. तुमच्या मुलीला नुसती आकडेमोड आवडत असेल तर बँक वाईट नाही. तिला असे वाद आवडत असतील तर मात्र बँकेत ती कंटाळेल.

मृत्यूचं कारण शोधणं हा सगळ्यांत किचकट भाग, आणि मला सर्वांत रस असलेलाही. २०२० साली आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांच्याच कारणावर डॉक्टरचा दाखला होता. त्यातही दाखल्यावर बरेचदा लिहिलेलं असतं, 'हृदय बंद पडून'. अहो, हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं! अशा निरर्थक कारणांना या क्षेत्रात खरोखरच 'गार्बेज कोड' म्हणतात, आणि ती वेगळी काढून योग्य खणात टाकणं हे रोजचं काम आहे. कचरा वेगळा करण्यात इंदूरकरांचा हात कोण धरणार, हे जाता जाता.

उरलेल्या मृत्यूंचं काय? त्यासाठी 'व्हर्बल ऑटॉप्सी'. घरी जाऊन बसायचं आणि विचारायचं: ताप किती दिवस होता, थंडी वाजायची का, श्वास कसा चालत होता, शेवटी काय झालं. मुलाखत घेणारा डॉक्टर असावा लागत नाही. तो कागद नंतर दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि कारण ठरवतात. या पद्धतीने २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंवरून २०१० मध्ये निष्कर्ष आला की भारतात मलेरियाने सत्तरीच्या आत वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार माणसं जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता १५ हजार. एकच खडाजंगी झाली. संघटनेचं म्हणणं, नुसत्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया ओळखता येत नाही. अभ्यासकांचं म्हणणं, जे दवाखान्यात पोचलेच नाहीत त्यांना तुम्ही धरलंच नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं.

इथे तुमच्या मुलीकडे एक गोष्ट आहे, तिच्याही लक्षात आली नसेल. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, भाजीवालीशी माळवी. टायफॉइडला आपल्या आज्या 'मुदतीचा ताप' म्हणत, माळव्यातल्या गावात 'मोतीझरा' म्हणतात. प्रश्नावलीत 'टायफॉइड' छापलेलं असतं आणि समोरची बाई 'नाही' म्हणून मोकळी होते. त्या एका 'नाही'ने आकडा घसरतो. चेन्नईत किंवा अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बसलेल्या संशोधकाला हे कळायला वेळ लागेल. तिला त्या ओट्यावरच कळेल.

भलं कुणाचं होतं, याचं उत्तर रोटाव्हायरसमध्ये आहे. त्याच्या जुलाबांनी भारतात वर्षाला सुमारे ७८ हजार लहान मुलं जातात, असा अंदाज अनेक ठिकाणच्या रुग्णालयांतल्या नोंदींवरून निघाला होता. लस सरकारी कार्यक्रमात घ्यावी की नाही या चर्चेत असे आकडे लागतात. २०१६ मध्ये चार राज्यांत ती सुरू झाली आणि २०१७ मध्ये आपल्या राज्यात आली. आज रामबागेतल्या बाळाला ती फुकट मिळते, त्यात त्या मोजणाऱ्यांचाही वाटा आहे.

आता शिक्षण. डॉक्टर नसल्याने दार बंद होत नाही, पण काही दारं अरुंद होतात हे लपवत नाही. मेडिकल कॉलेजच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात प्रमुखपदी एम.डी. झालेलीच व्यक्ती असते, तिथे संख्याशास्त्रज्ञाच्या जागा मोजक्या. तिने त्या वाटेला न जाता बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्रात, एम.एस्सी. करावी. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते; तिथे बायोस्टॅटिस्टिक्स आणि लोकसंख्याशास्त्र एकत्र शिकवतात. माझी पहिली पसंती ती. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे दुसरं ठिकाण, तिथे संख्याशास्त्र वॉर्डाच्या शेजारी बसून शिकता येतं. आकड्यांपेक्षा माणसांकडे ओढा जास्त निघाला तर टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. घरापासून लांब पाठवायचं नसेल तर आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मग पीएच.डी.ला बाहेर पडता येईल, त्यात कमीपणा काही नाही. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्याच माहितीपत्रकात वाचा, मामेभावाच्या मित्राकडून नको.

पैशाचंही स्पष्ट बोलते. एम.एस्सी.नंतरची पहिली काही वर्षं बहुधा प्रकल्पावरची नोकरी, करार वर्षाचा, मार्च आला की धाकधूक. स्पर्धा परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता अशी आहे. बँकेतल्या भाच्याचा पगार बघून तुमच्या घरी तुलना होणार, हे गृहीत धरा. पीएच.डी.नंतर चित्र सुधारतं, पण तोवर तिशी जवळ येते. 'हे' जे म्हणतात त्यात काळजी आहे, ती हसून उडवू नका. आणि बँकेची परीक्षा एम.एस्सी. झाल्यावरही देता येते, हे त्यांना जरूर सांगा.

परीक्षा संपली की तिला दोन कामं द्या. 'आर' हे संगणकाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हात बसवावा. आणि सिएटलच्या आरोग्य मापन संस्थेच्या संकेतस्थळावरून मध्य प्रदेशचे अतिसाराचे आकडे उतरवून घ्यावेत. तिथल्या अंदाजाचा मधला आकडा झाकून ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचे, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' हे आकडे आधी वाचावेत. ती दरी एवढी रुंद का, याचं एक पानभर उत्तर मराठीत लिहून मला पाठवू दे.

आणि ताई, ती वही मला बघायची आहे. सव्वीस घरांपैकी दोन-चार तरी बंद असणारच, कुणी पुण्याला गेलेलं, कुणी भाडेकरू दिवसभर कामावर. त्या घरांपुढे तिने शून्य लिहिलंय की जागा कोरी सोडलीय, तेवढं आजच पाहून कळवा.