सहा वर्षं संपर्क नसलेल्या सरांकडे प्राध्यापकपदाच्या अर्जासाठी शिफारसपत्र कसं मागू?

"कामापुरती आठवण झाली असं सर म्हणतील," ही तुमची भीती खरी आहे. म्हणतील. माझे म्हणाले होते. पाच मिनिटं ऐकून घ्यायचं.

मी साताऱ्याचा, विषय वनस्पतिशास्त्र. पहिल्यांदा मी सरांना शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲप केलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच चार ओळी पाठवल्या: अभ्यासू, कष्टाळू, वर्तणूक चांगली. त्यात माझ्याऐवजी धाकट्या भावाचं नाव घातलं असतं तरी खपलं असतं.

पुढच्या खेपेला तीन आठवडे आधी फोन करून सदर बझारला त्यांच्या घरी गेलो. सोबत अर्धा किलो कंदी पेढे. खोका बघून सर म्हणाले, "ते नंतर. आधी काम सांग." मी जाहिरात, बायोडाटा आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टची प्रत पुढे ठेवली. प्रोजेक्ट चाळता चाळता त्यांनाच आठवलं. पावसाळ्यात कास पठारावरून आणलेल्या नमुन्यांना बुरशी लागायची, म्हणून झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधले ओले पेपर बदलायला मी रविवारीसुद्धा डिपार्टमेंटला यायचो. पत्रात तेच आलं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्नही त्यावरच. तेव्हा नुसतं पत्र मागू नका, आठवायला काहीतरी हातात द्या. आणि "जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा सर" हे जरूर म्हणा. बळंच लिहून घेतलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं.

पण त्याआधी जाहिरात नीट वाचा. आपल्याकडच्या कॉलेजांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत छाननीचा जो तक्ता आहे, त्यात पीएचडीला २५ गुण, सेटला (राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) ५, अनुभवाला वर्षाला २ असे जास्तीत जास्त १०. शिफारसपत्राला रकानाच नाही! तिथे सरांच्या पत्रापेक्षा सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवल्याच्या, अनुभवाचा प्राचार्यांच्या सहीचा दाखला मोलाचा, तो आधी मिळवा.

आयसरसारख्या संशोधन संस्था किंवा परदेशातले पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) यांचं वेगळं असतं. तिथे तुम्ही नावं द्यायची आणि पत्र परस्पर सरांकडून मागवलं जातं. न विचारता नाव घातलंत तर सरांना ते त्या मेलवरूनच कळेल, आणि मग बोलणी खाल. अर्ज पाठवला की त्याच दिवशी फोन करून सांगा, मेल येईल, स्पॅममध्येही बघा. माझ्या सरांचा तिथेच सापडला, चौथ्या दिवशी.