एचआर संघटनेच्या कार्यकारिणीत पद घ्यावं का? करिअरला फायदा होतो की नुसती हमाली?

हमाली आहेच, हे आधी सांगून टाकते. फायदा होतो की नाही, ते कोणतं पद घेताय त्यावर. तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत महापेला सहा वर्षं एचआरमध्ये आहात, ठाण्याला घोडबंदरला राहता आणि संघटनेने सहसचिव होता का म्हणून विचारलंय. माझं उत्तर: संघटनेला हो म्हणा, सहसचिवपदाला नको.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात एचआर बघते, राहते ठाण्याच्या नौपाड्यात. आमच्या भागातल्या एका छोट्या संघटनेत चार वर्षं पदाधिकारी होते. दोन वर्षं खजिनदार, दोन वर्षं सदस्यता प्रमुख. सहसचिवपद मलाही देऊ केलं होतं. सहसचिव म्हणजे सचिव येणार नसतील त्या दिवशी इतिवृत्त लिहिणारा, आणि सूत्रसंचालनाला कोणी मिळालं नाही की ज्याच्या हातात माइक कोंबतात तो. बॅनरवर नाव येतं, फोटोत दुसऱ्या रांगेत जागा मिळते. लिंक्डइनवर टाकायला बरं. पण सभासद तुम्हाला ओळखत नाहीत, कारण त्यांचं तुमच्याकडे काही अडतच नाही.

सदस्यतेचं काम मागून घ्या. कोणालाच नको असतं, लगेच मिळेल. थकलेल्या वर्गणीसाठी एकेकाला फोन करायचा. मी पहिले दहा फोन अक्षरशः उधारी मागितल्यासारखे लाजत केले. मग लक्षात आलं की लोक वर्गणीचं दोन वाक्यांत आटपतात आणि स्वतःचं सांगायला लागतात. पावण्याच्या छोट्या युनिटमध्ये एचआर म्हणजे एकच माणूस असतो. पीएफचं चलन 15 तारखेच्या आत त्यानेच भरायचं, कॅन्टीनच्या आमटीत काही निघालं की शिव्या त्यालाच, बस उशिरा आली तरी त्यालाच. ऑफिसात विचारायला त्याच्या बरोबरीचं कोणी नसतं. एकाला पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या, अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य हवा होता. 2013 चा कायदा तो सक्तीचा करतो, पण शोधून काही देत नाही. मी तुर्भ्याच्या एका सभासदाचा नंबर दिला, त्यांच्या कंपनीच्या समितीवर बाहेरच्या सदस्य असलेल्या बाई याही समितीवर आल्या.

21 नोव्हेंबर 2025 ला चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या तेव्हा मी पदावर नव्हते. तरी त्या आठवड्यात फोन मलाच. ‘मॅडम, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा ना? मग ग्रॅच्युइटी वाढणार? मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षातच द्यायची? मालकाला सांगू काय?’ सगळी उत्तरं मला येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांचे नंबर माझ्याकडे होते आणि ते माझा फोन उचलत होते. फायदा म्हणाल तर हाच. आताची नोकरीही, खरं सांगायचं तर, वर्गणीसाठी तीनदा पिच्छा पुरवलेल्या एका बाईंनी सुचवली.

खजिनदारकी मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. माझ्या हातात कार्यभार आला तो एका प्लास्टिकच्या पिशवीत: पासबुक, अर्धं संपलेलं चेकबुक आणि चहा-सामोशांची बिलं. बँकेत गेल्यावर कळलं की सह्या दोन कार्यकारिण्यांपूर्वीच्या लोकांच्या. आमची संघटना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, त्यामुळे पदाधिकारी बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. आधीच्यांनी दिलाच नव्हता. बँक म्हणे मंजूर बदल अर्ज आणा, आणि तो मंजूर व्हायचा तर आधीचा राहिलेला निकाली निघायला हवा. सात महिने प्रत्येक चेक माजी अध्यक्षांच्या सहीसाठी कुरियरने पुण्याला जायचा. त्या काळात हॉलचं भाडं मी माझ्या खिशातून भरलं. नवरा अजून टोमणे मारतो. तेव्हा पद घेण्याआधी शेवटचा बदल अर्ज आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली तर कळायचं ते कळलं. एनआयपीएमसारख्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट) देशभर पसरलेल्या संस्थेचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, असेल, तर यातलं काय मुख्यालय बघतं आणि काय तुमच्या गळ्यात येतं, तेही विचारून घ्या.

कंपनीत साहेबांना लेखी कळवा, तोंडी नको. दुपारी चार वाजता वक्त्याचा फोन येणारच, आणि तो तुम्ही ऑफिसच्या वेळेतच घेणार. दुसरं, सभासदांची यादी. प्लेसमेंट एजन्सीवाले कार्यक्रम प्रायोजित करतो म्हणतात आणि हळूच यादी मागतात. आमच्यातल्या एकाने दिली. पुढचे दोन महिने सभासदांच्या शिव्या मी खाल्ल्या, कारण त्यांच्या ओळखीचा नंबर माझा होता. यादी कोणाच्या लॅपटॉपवर असते ते पहिल्याच सभेत विचारा. वाईट दिसतं, दिसू दे.

कार्यक्रमांचं काय सांगू! वाशीला शुक्रवारी संध्याकाळी ठेवला, 80 जणांनी नावं दिली, पाऊस लागला, ठाण्याकडची ट्रान्स-हार्बर लोकल रखडली आणि 31 जण आले. उरलेले ढोकळे मी ऐरोलीपर्यंत वाटत आले.

वेळेचा हिशोब मागाल तर मला आठवड्याला चार-पाच तास लागायचे, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या महिन्यात त्याच्या दुप्पट. आणि सभा कुठे, किती वाजता भरते ते आधी विचारा. आमची नेरुळला साडेआठला संपायची. मला नौपाडा गाठायला दहा वाजायचे. तुम्हाला त्यापुढे घोडबंदर आहे.